मालुबाईची बिनचाकी गाडी

आधी हसून घ्या, मग सांगायचं. राजश्री टीचरनं मालुबाईला पैल्यांदा बघितलं तवा तिला ती पाववाली वाटलीती. व्हय व्हय, पाव विकणारी! आता टीचर स्वतःच ही गोष्ट पोट धरून सांगती, म्हटल्यावर आपण कशाला दात लपवायचे?

झालतं काय, राजश्री मूळची सदलग्याची, निपाणीत दिलेली. विडीवाल्यांच्या गल्लीतल्या अंगणवाडीवर टीचर म्हणून नवीन हजर व्हायला आलती. सकाळचे सव्वानऊ, दाराला कुलूप, आसपास चिटपाखरू न्हाय. घरातनं गडबडीत उपाशीच निघालीती बिचारी. पायरीवर बसली, पोटात कावळे कोकलायलेत, आणि तेवढ्यात खालच्या बोळातनं आवाज आला, "पों... पों... पों."

रबरी भोंगा! सदलग्यात हा आवाज आला की सायकलवरनं पाव-खारी आली, हे शेंबडं पोरबी सांगतंय. टीचरनं पर्स उघडली, त्यात डोकं घातलं, सुटे शोधत शोधत मान वर न करताच म्हणाली, "दोन पाव द्या हो. ताजे असले तरच."

वरनं उत्तर आलं, "ताजेच हाईत. तीन-तीन वर्साचे. पण इकत न्हाय आमी."

टीचरनं मान वर केली. समोर एक बुटकी, काळीसावळी, अठ्ठावन्न वर्साची बाई. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, पायात पुरुषी चप्पल, हातात भोंगा. तिच्या कमरेला जुन्या लुगड्यांची वळलेली जाडजूड दोरी, आणि ती दोरी मागं लांबच्या लांब जाऊन परत फिरून आलेली. त्या दोरीच्या आत दोन रांगांत पोरंच पोरं! एकेकाच्या हातात दोरीचं एकेक कडं. सगळी तोंडानं "घुर्रर्र" करायलेली. सगळ्यात धाकटा ओमकार बाईच्या कडेवर, नाकातनं दोन पाट सोडून निवांत.

"चढा," बाई म्हणाली.

"कशात?"

"गाडीत. वरच्या गल्लीतली पोरं घ्यायची ऱ्हायल्यात अजून. का पाव खाऊनच येताय?"

अशी ती वळख. ही मालुबाई. अंगणवाडीची मदतनीस. सरकारच्या कागदावर तिचं काम चार शब्दांत बसवलंय: झाडणं, शिजवणं, पोरं आणणं, पोरं पोचवणं. एकोणतीस वर्सं ती हे करत आलीय. कागदावर ती टीचरच्या हाताखाली. पण तिच्या देखत सहा टीचर आल्या आणि गेल्या, त्यामुळं कोण कुणाच्या हाताखाली हाय हे नव्या टीचरला दुसऱ्या दिवशीच कळतंय. राजश्री सातवी. तिला तर पैल्याच दिवशी कळलं, कारण मालुबाईनं तिला दोरीच्या शेपटाला उभं केलं आणि सांगिटलं, "आजपास्नं तुम्ही कंडक्टर. मागनं कोण सांडलं तर वराडायचं."

आता ही गाडी आली कुठनं, ते सांगायला पायजे.

मालुबाईचा नवरा आण्णाप्पा निपाणी-चिकोडी वडाप चालवायचा. दहा माणसांच्या जीपमधी बावीस कोंबायची आणि तेविसाव्याला "सरका जरा" म्हणायचं, ते वडाप. गुडघे गेले, जीप गेली. हौसेनं जीपला लावलेला रबरी भोंगा तेवढा घरात ऱ्हायला. आणि ऱ्हायले आण्णाप्पाचे नेम. घाटात कुणी थांबायचं, चढाला कुणाला आधी सोडायचं, हे तो अजून जेवताना सांगतोय. ऐकायला मालुबाईशिवाय कोण न्हाय, म्हणून तिला सगळं पाठ.

दोन वर्सांमागं हायवेकडंला एक टाय-बुटाची शाळा निघाली. नर्सरी, एलकेजी, आणि दारात न्यायला पिवळी व्हॅन. झालं! ज्यांना परवडलं त्यांनी पोरगं व्हॅनमधी घातलं. ज्यांना न्हाय परवडलं त्यांनी अंगणवाडीत पाठवावं की न्हाय? तर न्हाय! त्यांनी लाजेनं घरातच ठेवलं. विड्या वळणाऱ्या आईच्या मांडीशी, तंबाखूच्या धुळीत, शिंकत. मालुबाई दारोदार गेली. जी ती आई एकच सांगायची, "आमचं पोरगं 'मला गाडी पायजे' म्हणून भुईवर लोळतंय. तुमची अंगणवाडी चालत जायची. कोण नेणार लोळत लोळत?"

तेवीस पोरांची अंगणवाडी नवावर आली.

मालुबाई घरी आली, पेटी उघडली, पाच जुनी लुगडी काढली आणि वळायला बसली. आण्णाप्पा म्हणाला, "म्हस घेतलीस काय गं?"

"गाडी काढायलोय," मालुबाई म्हणाली. हिकडच्या बायका असंच बोलत्यात, करतो, जातो, येतो. नवऱ्यापेक्षा ठसक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिनं गल्लीत भोंगा वाजवला. "गाडी आली, गाडीऽऽ!" पोरं अशी धावली की दोघांच्या चड्ड्या घरातच ऱ्हायल्या. पुढचं कडं म्हणजे खिडकीची सीट. ते मिळवायला रोज मारामारी. मारुतीच्या देवळाचा एक स्टॉप, पाण्याच्या टाकीचा एक. कुणाला शू आली की गाडी कडंला घ्यायची आणि मालुबाईनं जाहीर करायचं, "रेडिएटरचं पाणी काढायलाय, थांबा पाच मिनिटं." आणि कडेवरचा ओमकार म्हणजे स्टेपनी. त्याला कुणी "बाळ" म्हटलं की तो रडायचा. "मी टेपनी हाय!"

नवाची चौदा झाली.

हे सगळं राजश्री टीचरला तीन दिवसांत कळलं आणि तिला लई भारी वाटलं. चौथ्या दिवशी मात्र तिचं बिंग फुटलं.

गाडी तेल्याच्या बोळातनं वर चाललीती. हा बोळ म्हणजे असा की पिवळी व्हॅन आत शिरली तर भिंतीवरचा चुना आरशाला लागतोय. एका बाजूला गटार, त्यावर फरश्या. समोरनं व्हॅन आली. मालुबाईनं दोनदा भोंगा वाजवला, म्हणजे ब्रेक. सगळी पोरं फरशीवर चढली, भिंतीकडं तोंड करून चिकटली. व्हॅन आपली ऐटीत पुढं. आणि खिडकीतनं एक टाय लावलेलं पोरगं वराडलं, "मम्मीऽऽ!"

चौदा माना आणि मालुबाईची पंधरावी, सगळ्या राजश्रीकडं वळल्या.

"टीचर," मालुबाई म्हणाली, "हे तुम्हालाच म्हणलं न्हवं? मला तर कोण मम्मी म्हणत न्हाय."

टीचरचं तोंड लाल झालं. "आमचा श्रेयांस... म्हणजे सासूबाई ऐकेनात... श्रेयांसचे पप्पा, धरणेंद्रपण म्हणाले, आपलं दुकान हायवेलाच हाय, तर..."

"असू दे, असू दे. हलवाई स्वतःची जिलबी खात न्हाय."

मालुबाईनं तेवढंच बोलून सोडलं. म्हणजे त्या दिवशी सोडलं. नंतर रोज उप्पीट वाढताना विचारायची, "टीचर, जिलबी खाणार काय?"

महिना गेला आणि वरनं चिठ्ठी आली. ज्या अंगणवाडीत पंधरा पोरं न्हाईत ती हायवेपलीकडच्या अंगणवाडीत मिसळायची. सोमवारी साडेदहाला सुपरवायझर मॅडम येऊन पोरं मोजणार.

हायवेपलीकडं! जिथं मोठी माणसं पदर खोचून, देवाचं नाव घेऊन रस्ता ओलांडत्यात, तिथं ही टेपनी कशी जाणार? एकदा अंगणवाडी पलीकडं गेली की चौदाच्या चौदा परत विडीच्या सुपाशेजारी.

"नुकतंच बेळगावला आमचं ट्रेनिंग झालं," टीचर खाली बसत म्हणाली. "मोठ्या पडद्यावर दाखवलं. सगळ्या जगात असंच हाय म्हणे. ज्या घरातल्या पोरांना लहानपणीची शाळा जास्त पायजे, त्यांनाच ती सगळ्यात कमी मिळती."

"हे बघायला बेळगावला गेलतासा?" मालुबाई म्हणाली. "एसीत?"

"व्हय."

"जेवण?"

"हुतं. शेवटी गोडाला कुंदापण दिला."

"मग बरं. न्हायतर एवढं अंबुबाईच्या दारात उभं ऱ्हायलं तरी दिसतंय."

आणि दोघी अंबुबाईच्या दाराकडंच निघाल्या, कारण गल्लीत पंधरावं पोरगं एकच उरलंतं. अंबुबाईची नात रचना. साडेतीन वर्साची. आई सकाळी आठला तंबाखूच्या वखारीत जाती ती संध्याकाळी येती. आजी तेल्याच्या बोळात मधोमध, दारातल्या उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन विड्या वळती आणि रचना शेजारी दोऱ्याची रीळ धरून बसती. आजीनं हात पुढं केला की पोरीनं दोरा द्यायचा. दिवसभर. मधनं शिंकायचं, परत दोरा द्यायचा.

"अंबाक्का," मालुबाई दारातनंच म्हणाली, "नात कवा देतीस?"

"लग्नाला अजून येळ हाय," अंबुबाई म्हणाली. हात थांबला न्हाय. तिचा हात तिच्या बारशालासुद्धा थांबला नसंल.

"अंगणवाडीत गं."

"पाठवली तर व्हॅननं पाठवणार. न्हायतर ऱ्हाऊ दे घरात."

"मग हाय की माझी गाडी!"

अंबुबाईनं पैल्यांदा मान वर केली. "चाकं कुठायत?"

"चाकाचं काय घेऊन बसलीस? चौदा पोरं बसत्यात."

"बसत न्हाईत, चालत्यात. मला शानपण नको शिकवू. दारात बसून रोज बघतोय मी." मग तिनं मोर्चा वळवला. "टीचर, तुमचं पोरगं कशानं जातंय?"

टीचरनं पदर सावरला. मग पर्स सावरली. सावरण्यासारखं अजून काय न्हाय म्हटल्यावर म्हणाली, "सासूबाई ऐकत न्हाईत हो."

"मग! माझ्या घरातली सासू मीच हाय. मीबी ऐकत न्हाय."

मालुबाईला हसू आवरंना. पण अंबुबाई हसली न्हाय. दोरा तोडला आणि म्हणाली, "मालू, खरं सांगू? ती पिवळी गाडी आली की तुझी सगळी पोरं गटारीच्या फरशीवर चढत्यात. रोज. भिंतीकडं तोंड करून. जन्मभर मी दुसऱ्याला वाट देत कडंला उभी ऱ्हायलोय. ह्या पोरीला साडेतीन वर्साची असतानाच तेच शिकवायला धाडू व्हय? तीबी गाडी आणि तुझीबी गाडीच असंल, तर मग एकदा ती सरकू दे की मागं. ज्या दिवशी सरकंल त्या दिवशी ये आणि ने पोरीला. काय बोलणार न्हाय मी."

दोघी परत फिरल्या.

शनिवारी दोघींनी डोकं लावलं. टीचरच्या मोबाईलवर पोरांच्या तोंडाचा फोटो काढला की हजेरी लागती. त्यात एक गंमत हुती. ओमकारचा पैला फोटो नाक वाहत असताना काढलेला. त्यामुळं त्याचं नाक स्वच्छ पुसलं की मोबाईल त्याला वळखतच नसे. मालुबाई बराच येळ त्या मोबाईलकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, "टीचर, एकदा पुसून, एकदा न पुसता, असं दोनदा काढलं तर ओमकार दोन भरतोय बघा. चौदा आणि एक पंधरा."

टीचरनं डोळे वटारले.

"न्हाय, आपलं इचारलं," मालुबाई म्हणाली.

"मॅडम येऊन मोजणार हाईत मावशी. बोटानं. मोबाईलनं न्हाय."

"मग मात्र अवघड हाय. बोटाला शेंबूड चालत न्हाय."

रविवारी मालुबाईनं गाडीला रंग दिला. म्हणजे दोरी धुतली, हळद लावली. पिवळी गाडी झाली. अंगणवाडीचा नंबर पुठ्ठ्यावर लिहून शेवटच्या पोराच्या पाठीला अडकवायला तयार ठेवला. आण्णाप्पा बाजेवरनं बघत हुता. म्हणाला, "लायसन?"

"गप पडा," मालुबाई म्हणाली, पण ओळखपत्र शोधून गळ्यात घातलं.

सोमवार उजाडला. सव्वानऊला तेरा पोरं दोरीत, टेपनी कडेवर, टीचर शेपटाला. गाडी तेल्याच्या बोळात शिरली आणि चढ चढायला लागली. अंबुबाईच्या दाराच्या जरा खाली आली आणि वरनं पिवळी व्हॅन उतरली.

व्हॅनचा ड्रायव्हर भरमू. सव्वीस वर्साचा, केसाला जेल, डोळ्याला चष्मा, आणि हॉर्नवर हात असा की जणू तो हॉर्न सासऱ्यानं दिलाय. "पीईईई!"

मालुबाईनं दोनदा भोंगा वाजवला. गाडी थांबली. सवयीनं पोरं फरशीकडं वळली.

"कुठं चाललासा?" मालुबाई म्हणाली. "ब्रेक लावलाय. उतरा म्हणलंय व्हय मी?"

पोरं जाग्यावर. व्हॅन समोर. मधी चार हात जागा.

"ओ मावशी," भरमूनं डोकं भाईर काढलं, "चढवा की फरशीवर. उशीर व्हायलाय."

"चढाची गाडी आधी. नेम हाय. उताराच्या गाडीनं थांबायचं, न्हायतर मागं घ्यायची."

"कसली गाडी?"

"ही काय! दिसंना झालंय? चष्मा काढ."

भरमूनं खरंच चष्मा काढला. "मावशी, ही दोरी हाय."

"तुझी पत्रा हाय. मी काय बोलले?" रागाच्या भरात मालुबाई शुद्ध बोलती, हे वळखून टीचरनं शेपूट घट्ट धरलं.

"चाकं न्हाईत हिला!"

"तुझ्या गाडीला चार. माझ्या गाडीला आम्हा दोघींचे धरून तीस पाय. टेपनीचे धरले न्हाईत."

"नंबर?"

"मागं हाय. ये, बघून जा."

"लायसन?"

मालुबाईनं गळ्यातलं ओळखपत्र काढून काचेला लावलं. भरमूनं वाचलं. नाव, फोटो, सरकारी शिक्का. लायसन न्हाय म्हणायचं त्याला धाडस झालं न्हाय, कारण त्याचं स्वतःचं घरात ऱ्हायलंतं.

एव्हाना बोळातली दारं उघडलीती. सुपं मांडीवरनं खाली आलीती. अंबुबाईनं मात्र सूप सोडलं न्हाय, पण हात... हात थांबलाता बघा. विडी अर्धी वळलेली, तशीच. रचना उंबऱ्यावर उभी, हातात रीळ.

भरमूनं शेवटचा डाव टाकला. "राजश्री टीचर, तुम्ही तरी सांगा ह्यांना. तुमचाच श्रेयांस आत हाय. त्याची प्रार्थना चुकंल."

"मम्मीऽऽ!" श्रेयांस खिडकीतनं. "भरमूअण्णा मागं घेईनात!"

सगळ्यांची तोंडं टीचरकडं. अंबुबाईचंबी. टीचरला वाटलं, गटारीची फरशी सरकावी आणि आपण आत जावं. घरी सासूबाई काय म्हणतील, ते तिला शब्द न शब्द ऐकू यायला लागलं. पण समोर चौदा टाळकी, आणि साडेदहाला मॅडम.

"हे बघ भरमू," ती म्हणाली, "मी इथं कंडक्टर हाय. ड्रायव्हरच्या कामात मी बोलत न्हाय."

"शाब्बास!" मालुबाई म्हणाली. "ऐकलंस न्हवं रं भरम्या? तीन वर्सं माझ्या अंगणवाडीत बसलास. उप्पीट खाऊन खाऊन असा गोल झालतास. 'आधी तू, मग मी' एवढी एकच गोष्ट शिकवायची ऱ्हायली बघ तुला."

व्हॅनमधली पोरं फिदीफिदी हसली. भरमूचा जेल खाली बसला. पण गडी हट्टी. "मी न्हाय घेणार मागं. मागं टाकीपर्यंत जायला लागतंय. तुम्हीच घ्या रिव्हर्स."

मालुबाईनं एकवार मागं बघितलं. तेरा पोरं मागं मागं चालवायची म्हणजे तेरा ढोपरं फुटायची. पुढं बघितलं. भरमू हाताची घडी घालून बसलेला. तिनं एक सुस्कारा टाकला, भोंगा तीनदा दाबला आणि मोठ्यानं जाहीर केलं:

"गाडी बंद पडलीऽऽ!"

तीन भोंग्यांचा अर्थ पोरांना तवर कुणी सांगिटला नव्हता. पण बंद पडली म्हटल्यावर काय करायचं हे काय शिकवायला लागतंय? तेराच्या तेरा बदाबदा खाली बसली. घुर्रर्रचं "फुस्सस्स" झालं. ओमकारला मालुबाईनं खाली ठेवला तर तो आडवाच झाला. टेपनी पंक्चर.

"ओ मावशी! असं न्हाय चालत!"

"अरं, मी काय मुद्दाम केलंय? इंजिन तापलंय. तुझी कवा बंद पडत न्हाय व्हय?"

भरमू खाली उतरला. एका पोराला उचलून फरशीवर ठेवलं. दुसऱ्याला उचलेपर्यंत पैलं परत जाग्यावर. दुसऱ्याला ठेवलं, तर तिसरी पोरगी आपणहून हात वर करून "मला, मला" म्हणायली. पोरांना ह्यापेक्षा भारी खेळ आजवर मिळाला नव्हता. व्हॅनमधनं श्रेयांस वराडला, "भरमूअण्णा, मलापण उचला!" आणि टायवाली सगळीच दाराला लोंबायला लागली. भरमूनं हिकडची उचलावी का तिकडची बसवावी? चार मिनिटांत त्याच्या शर्टाला चार रंगांचा शेंबूड लागला.

"ढकलून बघ की," मालुबाईनं सल्ला दिला. "बंद गाडी ढकलत्यात."

भरमूनं आभाळाकडं बघितलं. घड्याळाकडं बघितलं. गपगुमान व्हॅनमधी बसला आणि दण्णकन रिव्हर्स टाकला.

आणि मग जे झालं ते बोळानं कधी बघितलं नव्हतं. दोरीतली पोरं बसल्या जागी हात हलवत वराडायला लागली, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्याऽऽ!" व्हॅनमधली पोरं मागच्या काचेला चिकटून तेच वराडायली, "येऊ द्या, येऊ द्याऽऽ!" दारातल्या बायका वराडायल्या. भरमूला आरशात काय दिसायलंय आणि कानात काय घुमायलंय, काय कळंना. दोनदा भिंतीचा चुना काढत, नागमोडी, व्हॅन पार टाकीपर्यंत मागं गेली आणि कडंला उभी ऱ्हायली.

मालुबाईनं ओमकारला उचललं, पदरानं त्याचं नाक पुसलं आणि एकदा भोंगा दाबला. घुर्रर्र! गाडी चालू. दहा पावलं वर आली आणि अंबुबाईच्या दारात थांबली.

"अंबाक्का, सरकली न्हवं?"

अंबुबाईनं उरलेली अर्धी विडी वळली. दोरा मागायला हात पुढं केला, पण रचना रीळ धरून दोरीतल्या रिकाम्या कड्याकडं बघायलेली. दोरा आलाच न्हाय.

"सरकली," अंबुबाई म्हणाली. "सरकली खरी. पण ते काय खरं न्हाय. तुझ्या गाडीला मान देऊन सरकली न्हाय ती. तुझी बंद पडली म्हणून सरकली."

"मग?"

"मग काय? मान देऊन सरकली असती तर गाडी म्हणलं असतं. आता न्हाय म्हणणार."

पावणेदहा झालते. टीचर काहीतरी समजवायला तोंड उघडणार, तवर मालुबाईनंच डोळं बारीक केलं.

"अंबाक्का, परत म्हण. काय झालं माझ्या गाडीला?"

"बंद पडली की!"

"सगळ्यांच्या देखत पडली?"

"व्हय. मी काय आंधळी हाय?"

"मग दोरी कवा बंद पडती व्हय गं? बंद पडती ती गाडीच."

बोळात एवढं हसू फुटलं की वर टाकीजवळ भरमूनं घाबरून परत हॉर्न दिला. अंबुबाईनं सुपातली तंबाखू हातानं सारखी केली. मग रचनाच्या हातातली रीळ काढून घेतली, तिच्या बोटांवरची धूळ आपल्या लुगड्याला पुसली आणि म्हणाली, "खिडकीची सीट दे तिला."

"पैल्या दिवशी मधली," मालुबाई म्हणाली. "नेम हाय."

"मालू..."

"मधली."

अंबुबाईनं नातीला मधल्या कड्याशी नेऊन उभं केलं. रचनानं कडं धरलं, "घुर्रर्र" केलं, आणि शेपटाकडनं टीचरनं बोटानं मोजलं: टेपनी धरून पंधरा!